चार सेंटिमीटरचा उतार

आठवीला मी दर वर्षी एक प्रयोग दाखवते. वेगवेगळ्या आकाराच्या चार काचनळ्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीत पाणी ओतलं की चारही नळ्यांत ते सारख्याच उंचीवर येऊन थांबतं. ‘पाणी समपातळी गाठते’ असं मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढचा धडा सुरू होतो. सतरा वर्षं हे चाललंय. पण ते पाणी थांबलेलं असतं. वाहत्या पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी नसतेच, आणि ती जसजशी सारखी होत जाते तसतसं वाहणं मंदावतं. हे मी स्वतःच्या हाताने मोजलं ते मागच्या जूनमध्ये, ओटीवर तीसेक लिटर खारं पाणी सांडल्यावर.

आमचं घर रत्नागिरीत, चिऱ्याचं. ओटीच्या कोपऱ्यात माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत. एका भिंतीला लागून चार फुटी मोठी टाकी: १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. तीत क्लाउनफिशची जोडी, दोन गोबी, तीन डॅमसेल आणि काही गोगलगाई. प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते समुद्रातच असावेत असं मलाही मनापासून वाटतं. या टाकीला काटकोनात, दुसऱ्या भिंतीला लागून, दोन फुटी टाकी. तीत मासे नाहीत, फक्त शेवाळ. चेटो म्हणतात त्याला. भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखं दिसणारं हिरवं गुंतवळ. माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारं नायट्रेट ते खातं आणि वाढतं, महिन्याला मूठभर काढून टाकायचं. मोठ्या टाकीच्या खाली, स्टँडच्या आत, तीन फुटी सम्प, म्हणजे पाणी जमा होऊन साफ होतं ती खालची टाकी. त्यात स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि पाणी वर चढवणारा पंप.

पाणी समुद्राचंच. भाट्याला काजळीची खाडी मिळते, तिथलं पाणी घेत नाही. खाडीच्या मुखापासून लांब जायचं, भरती पूर्ण भरलेली असताना कॅन बुडवायचे, घरी आणून कापडातून गाळायचं, निळ्या पिंपात अंधारात हवा सोडून ठेवायचं. एप्रिल-मे मध्ये घनता १.०२५ च्या आसपास मिळते. एकदा पाऊस लागला की किनाऱ्याजवळ पाणी गढूळ आणि गोडसर होतं, समुद्रही जवळ येऊ देत नाही. मग आरओच्या पाण्यात विकतचं मीठ कालवायचं, ते महागात पडतं. म्हणून जूनमध्ये तीस लिटर खारं पाणी फरशीवर सांडणं मला फार लागलं.

तेव्हाची जोडणी अशी होती. पंप सम्पमधलं पाणी मोठ्या टाकीत चढवायचा. मोठ्या टाकीच्या बाजूच्या काचेला, वरच्या कडेपासून बारा सेंटिमीटर खाली भोक, त्यातून एक इंची पाइप, कोपऱ्यामुळे दोन एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आणि तो पाइप दोन फुटी टाकीत. तिथून उभ्या पाइपाच्या तोंडावरून पाणी परत सम्पमध्ये. एकाच माळेत ओवल्यासारखं सगळं. दोन वर्षं ठीक चाललं होतं.

ठीक म्हणजे, मोठ्या टाकीवर तवंग यायचा. सकाळी तिरप्या उन्हात बघितलं की पाण्यावर सायीसारखा तेलकट पापुद्रा दिसायचा. टिपकागद पसरून उचलायचा, दोन दिवसांनी परत तेच. नायट्रेटही लिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या खाली येत नव्हतं. मासे घेतो त्या दुकानात सांगितलं गेलं की सम्पमधून तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरलं पाहिजे, तुमचा पंप लहान आहे. मी तासाला ३००० लिटरचा पंप आणला. रविवारी दुपारी बसवला, चालू केला, धार बघून समाधान वाटलं, आणि आत चहा टाकायला गेले.

चहा गाळत होते तेव्हा अण्णांची हाक आली. अण्णा म्हणजे माझे सासरे. ओटीवर झोपाळ्यात बसलेले असतात. “अगो, तुझी टाकी उतू चाललीय.” जाऊन बघते तर मोठ्या टाकीच्या कडेवरून काचेला चिकटून पाण्याचा पातळ पडदा खाली येत होता, आणि शेजारची दोन फुटी टाकी शांत. तिची पातळी पूर्वीपेक्षा जेमतेम वर. दोघींमध्ये एक इंची पाइप आहे, पाणी जायला वाट आहे, तरी एक भरून वाहतेय आणि दुसरीत जागा आहे. पंप बंद केला, दोन पोतेरी आणि मुलाचा जुना टॉवेल घेऊन फरशी पुसली. खाऱ्या पाण्याची ओल लवकर जात नाही. फरशीच्या सांध्यांतून आठवडाभर मीठ फुटत होतं.

रात्री जुना पंप परत लावला आणि मोजायला बसले. सम्पवर येणाऱ्या पाइपाचं तोंड दहा लिटरच्या बादलीत धरलं, लेकाने मोबाइलवर वेळ घेतली. पंचेचाळीस सेकंद. म्हणजे तासाला ८०० लिटर. मग स्टीलची पट्टी घेऊन दोन्ही टाक्यांत कडेपासून पाणी किती खाली आहे ते मोजलं. मोठीत चार सेंटिमीटर, लहानीत आठ. फरक चार सेंटिमीटरचा. दोन वर्षं तो फरक डोळ्यांसमोर होता. मला वाटायचं लहान टाकीचा स्टँड थोडा बुटका असेल. स्पिरिट लेव्हल लावून बघितली, स्टँड बरोबर होते. तो चार सेंटिमीटरचा फरकच ८०० लिटर पाणी पलीकडे नेत होता. पंपाचा धक्का मोठ्या टाकीत पाणी पडलं की संपतो. तिथून पुढे पाण्याला फक्त उतार ओढतो.

आता नवा पंप. खोक्यावर ३००० लिहिलेलं असतं ते पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचं. माझ्याकडे दीड मीटर चढ, वाटेत वळणं. बादलीने मोजलं तर १६०० आलं. बरोबर दुप्पट. पण पाइपातून दुप्पट पाणी जायचं तर पातळीतला फरक दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चारचे सोळा सेंटिमीटर. माझ्या मोठ्या टाकीत वर जागा होती चार सेंटिमीटर. ती कडेपर्यंत भरली तरी फरक आठच्या आसपास, त्यात पाइपातून जाणार ११०० लिटर. उरलेले पाचशे कुठे जाणार? फरशीवर. तासाला पाचशे म्हणजे मिनिटाला आठ लिटरच्या वर. चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं होतं.

हे आकडे वहीच्या मागच्या पानावर मांडले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पाणी सांडल्याचं दुःख होतंच, पण इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट स्वतःच्या ओटीवर मिलिमीटरपर्यंत जुळून येते, याचा आनंद वेगळाच.

मग पहिला उपाय उघड होता: वाट रुंद करायची. तोवर काम भागावं म्हणून पारदर्शक पाइप उलट्या यू सारखा वाकवून दोन्ही टाक्यांच्या कडेवरून टाकला आणि तोंडाने ओढून सायफन चालू केला. असं करणार असाल तर त्याच्यावर विसंबून झोपू नका. पाण्यातले बुडबुडे हळूहळू वरच्या वळणात जमतात, आधी मुगाएवढा, मग चिंचोक्याएवढा, आणि मग पूर्ण वळण हवेने भरून धार तुटते. माझी तिसऱ्या दिवशी पहाटे तुटली. नवा पंप मी बंदच ठेवला होता म्हणून बरं.

दोन इंची पाइपासाठी काचेला नवं, तीन इंचांचं भोक पाडावं लागलं, कारण टँक कनेक्टरची, म्हणजे काचेतून पाइप बाहेर काढायच्या जोडाची, मान पाइपापेक्षा जाड असते. टाक्या साध्या काचेच्या होत्या. कडक केलेल्या काचेला, टफन्ड म्हणतात तिला, भोक पाडता येत नाही. ती एका क्षणात चुरा होते. मासे पिंपात हलवले, टाकी रिकामी करून कुशीवर झोपवली. काचवाल्याने डायमंडचा होलसॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी करवत, आणला होता. भोक पाडताना काचेवर सतत पाणी लागतं, ते वाहून जाऊ नये म्हणून मी घट्ट कणीक मळून खुणेभोवती गोल आळं केलं, आत पाणी भरलं. त्याने ड्रिलवर जोर अजिबात दिला नाही, यंत्राच्या वजनावरच सोडलं. पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं. पंधरा मिनिटं ओटीवर कुणी बोललं नाही. चकती सुटून आल्याचा टक् आवाज आला तेव्हा मी श्वास सोडला. ती चकती माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

एल्बोही बदलले. काटकोनी एल्बो पाण्याला फार अडवतो. अडथळ्याच्या हिशेबात तो पाइपाच्या व्यासाच्या तीसपट लांब सरळ नळीइतका धरतात. एक इंची पाइपाला एक एल्बो म्हणजे जवळजवळ पाऊण मीटर पाइप वाढवल्यासारखं. माझे दोन होते. त्यांच्या जागी पंचेचाळीस अंशांचे दोन-दोन जोडून वळण सैल केलं. कनेक्टरचा रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूला, मानेखाली, आणि घट्ट करायचं ते हाताने, वर पान्याने पाव फेरा. त्यापेक्षा जास्त जोर काच सोसत नाही. सोल्युशन लावलेले सांधे एक दिवस वाळू दिले.

पाणी भरून नवा पंप चालू केला. पट्टी लावली. पातळीतला फरक: सहा मिलिमीटर. १६०० लिटर पाणी सहा मिलिमीटरवर जात होतं, जिथे जुन्या पाइपाला सोळा सेंटिमीटर लागले असते. व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट, घर्षणही कमी. मी ती पट्टी तीन वेळा धुऊन, पुसून, परत परत लावून बघितली.

इथे लेख संपायला हवा होता, पण आठवड्याभरात लहान टाकीची दशा झाली. तासाला १६०० लिटर पाणी १२० लिटरच्या टाकीतून काढायचं म्हणजे तिथे ओढाच वाहू लागला. चेटोचा गोळा गरगर फिरत पाइपाच्या तोंडाला जाऊन बसायचा, तळाचा गाळ वर उठायचा, आणि तिथला उभा पाइप पाणी आणि हवा एकत्र गिळत रात्रभर गुडगुडायचा. शिवाय मोठ्या टाकीवरचा तवंग तसाच. तो जाणार कसा? पाणी बाहेर पडत होतं ते पृष्ठभागाच्या खालून. वरचा थर जागचा हलतच नव्हता. पंप कितीही मोठा आणला असता तरी फरक पडला नसता.

अण्णा हे रोज बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य गुहागरला आगर शिंपण्यात गेलं. विहिरीवरून पाणी पाटाला सोडायचं, पाटाचं तोंड मातीने फोडायचं आणि बांधायचं, पोफळीचं एकेक आळं भरून घ्यायचं. एक दिवस मी लहान टाकीतून चेटो उपसत असताना ते म्हणाले, “अगो, पहिल्या पोफळीच्या आळ्यातून दुसरीला पाणी कोण नेतं?”

मी म्हटलं, “मग?”

“पाट आळ्यांच्या बाजूने जातो. ज्या आळ्याला हवं त्याचं तोंड उघडायचं. भरलं की बांधायचं. एकातून एक सोडलंस तर पहिल्याची मुळं कुजतील आणि शेवटचं वाळेल.”

मी खाली फरशीवर बसले आणि खडूने नवी जोडणी काढली. पंपातून येणारा मुख्य पाइप म्हणजे पाट. त्याला टी लावून दोन फाटे, दोन्हींवर बॉल व्हॉल्व, म्हणजे दांडी फिरवून धार कमी-जास्त करायची तोटी. मोठ्या टाकीला १२००, लहानीला ४००. आणि दोघींचं सांडपाणी वेगवेगळ्या वाटांनी थेट सम्पमध्ये. दोघींना जोडणारा पाइप काढून टाकायचा. लहान टाकीची दोन्ही भोकं टोपी लावून बंद. तिचा उभा पाइप होता तोच राहिला. ४०० लिटरला तो आवाजही करत नाही.

मोठ्या टाकीची दोन्ही भोकं मात्र कामी आली. त्यांच्याभोवती आतून काचेची पेटी सिलिकॉनने चिकटवली, ३० सेंटिमीटर रुंद. पेटीच्या वरच्या कडेला फणीसारखे दाते असलेली पट्टी, म्हणजे पाणी दात्यांमधून वरून आत येईल आणि मासे बाहेर राहतील. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलंच घ्यायचं. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत मी आठवडाभर थांबले. फणीवरून पाणी पडू लागलं आणि तासाभरात तवंग सरकत सरकत पेटीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पृष्ठभाग असा लखलखीत होता की वरून बघताना गोबीच्या पाठीवरचे ठिपके मोजता येत होते. त्यासाठी १२०० लिटर पुरले. मोठ्या टाकीत दगड आणि वाळू वगळून दोनशे लिटर पाणी आहे, म्हणजे तासाला सहापट. माशांना जो प्रवाह लागतो तो आतला वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा छोटा पंप, देतो. सम्पमधून दहापट फिरवायची मला गरजच नव्हती.

आता जुन्या एक इंची पाइपाच्या भोकाची गोष्ट. शेजारच्या टाकीकडे ८०० लिटर नेताना धापा टाकणारा तोच पाइप आता खाली सम्पकडे जातो, ऐंशी सेंटिमीटर खोल. उतार चारवरून ऐंशीवर गेला. पूर्ण भरून वाहू दिला तर तो १२०० लिटर सहज गिळून वर हवाही ओढतो, इतका की त्याला आवरावं लागतं. त्यासाठी खाली गेट व्हॉल्व लावला, चाक फिरवून हळूहळू बंद होणारा. बॉल व्हॉल्व इथे नको, केसभर फिरवला तरी धार एकदम बदलते. गेट व्हॉल्व घेताना एक सांभाळा: हार्डवेअरच्या दुकानात पहिला हातात देतात तो गनमेटलचा असतो. त्यात तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात उतरलेलं तांबं गोगलगाई-कोळंब्यांना मारतं. यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचाच मागायचा. मला तो रत्नागिरीत मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवावा लागला.

व्हॉल्व हळूहळू बंद करत जायचा. गुरगुर, मग घशातून काढल्यासारखा आवाज, मग एका ठिकाणी सगळं गप्प. पाइप पूर्ण पाण्याने भरला, हवेला जागा उरली नाही. पेटीतलं पाणी पाइपाच्या तोंडावर बोटभर चढून स्थिर राहतं. ती जागा सापडली तेव्हा ओटीवर पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. व्हॉल्वच्या चाकावर आणि मानेवर मी लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके समोरासमोर दिले.

दुसऱ्या भोकातून वर वळवलेला दोन इंची पाइप पेटीतल्या पाण्याच्या सेंटिमीटरभर वर तोंड काढून कोरडा उभा असतो. त्याचं काम फक्त अडचणीच्या वेळी. ही अडचण ऑगस्टमध्ये आली. एक गोगलगाय फणीच्या तुटलेल्या दात्यातून पेटीत शिरली आणि एक इंची पाइपाच्या तोंडात बुचासारखी बसली. मी शाळेत होते. घरी आले तर दोन इंचीतून पाणी खळखळ सम्पमध्ये पडत होतं, अण्णा झोपाळ्यावर. “दुपारपासून वाजतंय,” म्हणाले, “पण फरशी कोरडी आहे.”

पावसात आमच्याकडे वीज जाते, कधी दहा मिनिटं, कधी रात्रभर. पंप थांबला की वरचं जास्तीचं पाणी खाली येणारच. ते किती येतं हे हिशेबावर सोडू नका, पंप बंद करून प्रत्यक्ष बघा. माझ्याकडे १८ लिटर येतात, सम्पमध्ये पाच सेंटिमीटर. सम्पच्या काचेवर कडेपासून दहा सेंटिमीटर खाली नेलपॉलिशची रेघ आहे. चालू अवस्थेत पाणी तिच्या वर जाऊ द्यायचं नाही. पंपाचा पाइप टाकीत जिथे बुडतो तिथे पाण्याच्या किंचित खाली तीन मिलिमीटरचं भोक आहे. वीज गेल्यावर तिथून हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. ते नसतं तर पाइपाचं तोंड जेवढं खोल, तेवढं पाणी खाली आलं असतं. १२० बाय ४५ च्या टाकीत दर सेंटिमीटरला ५.४ लिटर. हे भोक शेवाळाने बुजतं. दात कोरायच्या काडीने साफ करते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गेट व्हॉल्व पूर्ण बंद करून दोन इंची पाइप सगळं पाणी एकटा पेलतो का ते बघते, आणि मग ठिपके परत जुळवते. नायट्रेट दहावर आलंय. मात्र पाइपाच्या आत बुळबुळीत थर धरतोय, कारण पेटीतलं पाणी महिन्याला चार-पाच मिलिमीटर वर चढतं आणि मला व्हॉल्व थोडा जास्त उघडावा लागतो. ठिपके आता समोरासमोर राहिलेले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत युनियन, म्हणजे पाइपाचा सुटा होणारा जोड, सोडवून तो पाइप लांब दांड्याच्या ब्रशने घासायचा आहे. ब्रश आणून ठेवलाय.